सगळीच कावीळ यकृताची नसते

‘कावीळ म्हणजे यकृतातली उष्णता, उसाचा रस प्यावा, माळ घालावी, लघवी स्वच्छ असेल तर काळजी करू नये आणि तान्ह्या बाळाला कोवळ्या उन्हात धरावे, रक्त तपासण्याची गरज नाही’ अशा आशयाचा संदेश नाशिकमधल्या अनेक व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतो आहे. त्यातले जवळजवळ प्रत्येक विधान तपासून पाहण्यासारखे आहे.

पहिले विधान यकृताचे. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि ती मोडल्यावर हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते, जे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. पेशीच भराभर फुटू लागल्या, तर यकृत निरोगी असूनही बिलिरुबिन साचते. सुरगाणा, पेठ, कळवण या आदिवासी तालुक्यांत आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजारात, हेच घडते, आणि डोळे पिवळे दिसताच ‘लिव्हर बिघडले’ म्हणून पथ्य सुरू होते, तेव्हा मूळ आजार मागे राहतो. मोठ्या माणसात निव्वळ पेशी फुटल्याने रक्तातले बिलिरुबिन सहसा पाच मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या फार पुढे जात नाही. ते त्याहून बरेच चढले, तर यकृतात किंवा पित्तनलिकेतही अडचण आहे का, हे पाहावे लागते, कारण या रुग्णांना पित्तखडे लवकर होतात.

लघवीचा निकष तर घातकच आहे. या प्रकारातले बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते लघवीत उतरतच नाही. डोळे पिवळे, चेहरा पांढुरका, दम लागतो आणि लघवी मात्र जवळपास नेहमीसारखी, असे चित्र दिसू शकते. उलट पेशी रक्तवाहिन्यांतच फुटल्या, तर लघवी कोलासारखी काळपट होते, आणि तेव्हा थेट रुग्णालय गाठावे.

रसाने तहान भागते, पेशी फुटणे थांबत नाही. शिवाय गाड्यावरचा बर्फ दूषित असेल, तर विषाणूची खरीखुरी कावीळ पदरात पडायची. माळ लांबली की कावीळ उतरली असे मानतात, पण ती लांबते ती वाळताना तिच्या गाठी सैल होतात म्हणून.

उन्हाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवे. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या रक्तातली प्रतिद्रव्ये बाळाच्या पेशी फोडू शकतात आणि बिलिरुबिन तासागणिक चढते. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ कधीच ‘नेहमीची’ धरत नाहीत, कारण ती मेंदूत उतरली तर बहिरेपणा किंवा कायमचे अपंगत्व येऊ शकते. रुग्णालयातला दिवा ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश मोजून देतो. अंगणातल्या उन्हाला असे माप नसते, आणि उघडे बाळ गारठते किंवा भाजते ते वेगळेच. दिव्यानेही आवरले नाही, तर रक्तबदल करावा लागतो. पुढच्या बाळाला हा धोका टाळण्यासाठी आईला प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन देतात.

ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवलेली झबली न धुता बाळाला घालण्याची सवयही सोडावी, कारण जी-सिक्स-पीडी हे तांबड्या पेशींना जपणारे विकर (एन्झाइम) कमी असलेल्या मुलाच्या पेशी त्या वासाने फुटू शकतात. मलेरियावरचे प्रायमाक्विनही अशा मुलांना बाधते, म्हणून तपासणीत ही कमतरता निघाली असेल, तर ती फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून घ्यावी.