नव्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये लूपबॅक चालू नसतो

छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि लातूरकडच्या संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरतो आहे. लिनक्समध्ये नवी नेटवर्क नेमस्पेस (स्वतःचे इंटरफेस, मार्ग आणि नियम असलेला नेटवर्कचा वेगळा कप्पा) केली की तिच्यातला लूपबॅक (संगणकाने स्वतःशीच बोलण्याचा आभासी नेटवर्क इंटरफेस, पत्ता १२७.०.०.१) आपोआप चालू असतो, डॉकर (प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारे साधन) हा त्याचा पुरावा आहे, आणि तरीही १२७.०.०.१ उत्तर देत नसेल तर फायरवॉल तपासावी किंवा तो पत्ता हाताने द्यावा, असे त्यात म्हटले आहे.

पहिले विधान कुणालाही लगेच पडताळता येते. नव्या नेमस्पेसमध्ये शिरून इंटरफेसची यादी मागितली, तर ‘एलओ’ म्हणजे लूपबॅक दिसतो खरा, पण त्याच्यापुढे ‘डाउन’ असते आणि त्याला एकही पत्ता नसतो. १२७.०.०.१ ला पिंग केल्यास (म्हणजे चाचणीचे पॅकेट पाठवल्यास) ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ असे उत्तर मिळते. दोष फायरवॉलचा नाही. नव्या नेमस्पेसचे नियम तिचे स्वतःचे आणि कोरे असतात. पॅकेट कुणी अडवत नाही, त्याला जायला मार्गच नसतो.

डॉकरचा पुरावा उलट बाजूचा आहे. तिथे लूपबॅक कर्नल (लिनक्सचा गाभा) नव्हे, तर कंटेनर उभा करणारी प्रणाली चालू करते. अनेक कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसमध्ये हेच काम ‘लूपबॅक’ नावाचे सीएनआय प्लगइन (कंटेनरचे नेटवर्क जोडून देणारा छोटा प्रोग्राम) करते. आपल्या लॅपटॉपवरचा लूपबॅकसुद्धा संगणक सुरू होताना सिस्टमडीसारखा, इतर सेवा सुरू करणारा प्रोग्रामच चालू करतो, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

पत्ता हाताने देण्याचा सल्ला अनावश्यक आहे, कारण ‘आयपी लिंक सेट एलओ अप’ ही लूपबॅक चालू करणारी आज्ञा देताच, आधी कोणताही पत्ता दिलेला नसेल तर, कर्नल १२७.०.०.१/८ स्वतःच बसवतो. गंमत म्हणजे पत्ता हाताने देण्याच्या याच सवयीने एक बदल मागे घ्यायला लावला. लूपबॅक सुरुवातीपासून चालू ठेवणारी दुरुस्ती २०२१ साली कर्नलच्या विकासशाखेत आली होती. पण आधी पत्ता देऊन मग इंटरफेस चालू करणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट, अगदी कर्नलच्या स्वतःच्या चाचण्यांतल्यासुद्धा, ‘फाइल एक्झिस्ट्स’ (म्हणजे हा पत्ता आधीच आहे) म्हणत अडल्या आणि ती दुरुस्ती रद्द झाली. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा तिचा पूर्वार्धच वाचला असावा.

तेव्हा नेमस्पेसमधला सर्व्हर १२७.०.०.१ वर बसताना ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’ म्हणत असेल, तर आधी ‘एलओ’ची स्थिती पाहावी. चालू केल्यावर तिथे ‘अप’ऐवजी ‘स्टेट अननोन’ दिसले तरी काळजी नको. लूपबॅकच्या बाबतीत ते नेहमीचेच आहे.