जुनी स्टॅन्ली आणि नवा बॉयलर : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझ्या १९१० सालच्या स्टॅन्ली वाफगाडीच्या (वाफेवर चालणाऱ्या अमेरिकन मोटारीच्या) दुरुस्तीवरील लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. सहकारी साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये उभी हयात घालवलेला वाचक या लेखाला लाभेल, असे लिहिताना मनात आले नव्हते. आक्षेप नेमके आहेत, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे मला प्रशस्त वाटत नाही. ज्यांनी आपली प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय थोडक्यात सांगतो. वाफगाडीत बॉयलर हाच मुख्य. तो काढून नवा बसवल्यावर गाडीला ‘१९१० ची’ म्हणणे ही फसवणूक आहे, हा आपला पहिला आक्षेप. दुसरा असा की, नवा घ्यायचाच होता तर पूर्ण वेल्डिंगचा, आजच्या तपासनिसापुढे उभा करता येईल असा घ्यायचा सोडून मी तारा गुंडाळलेला, तांब्याच्या नळ्यांचा बॉयलर घेतला आणि तो पायांपुढे ठेवून घरच्या माणसांना फिरवतो, हा अविचार आहे. तिसरा असा की, इतकी दुर्मिळ वस्तू खासगी माणसाने रस्त्यावर झिजवू नये, संग्रहालयाच्या स्वाधीन करावी. अखेरीस आपण फीड वॉटरबद्दल, म्हणजे बॉयलरला पुरवायच्या पाण्याबद्दल, विचारले आहे : ते मी कुठून घेतो आणि क्षार व गंज यांपासून बॉयलर कसा राखतो. त्याकडे मी शेवटी येतो.

पहिल्या आक्षेपात मी जुने सोडले म्हणून दोषी ठरतो आणि दुसऱ्यात जुन्याला चिकटलो म्हणून. यातली विसंगती दाखवून सुटका करून घेण्याचा माझा विचार नाही, कारण दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी आहे : हा बॉयलर बांधतात कसा आणि तो निकामी होतो कसा.

आपल्या कारखान्यातल्या बॉयलरमध्ये पाणी नळ्यांच्या आत आणि आग बाहेर असते. स्टॅन्लीत नेमके उलटे आहे. माझ्या २० अश्वशक्तीच्या गाडीतला बॉयलर म्हणजे २३ इंच व्यासाचे आणि सुमारे १४ इंच उंचीचे उभे पोलादी पिंप. त्याच्या वरच्या आणि खालच्या ट्यूब प्लेटमध्ये (नळ्यांसाठी भोके पाडलेल्या जाड तबकडीत) अर्ध्या इंचाहून किंचित जाड अशा ७५१ तांब्याच्या नळ्या दाटीवाटीने उभ्या असतात. खाली बर्नर, नळ्यांमधून वर जाणारा जाळ आणि नळ्यांच्या भोवती पाणी. एवढ्याशा जागेत शंभर चौरस फुटांहून अधिक तापणारा पृष्ठभाग मिळतो, त्यामुळे थंड गाडी अर्ध्या तासाच्या आत चालू लागते. पिंपाला बाहेरून पियानोच्या तारेचे तीन थर घट्ट गुंडाळलेले असतात. कामाचा दाब चौरस इंचाला ६०० पौंड, म्हणजे आपल्या मापात चौरस सेंटिमीटरला ४२ किलोच्या घरात. नळ्या ट्यूब प्लेटला वेल्ड केलेल्या नसतात. एक्स्पांडर नावाच्या हत्याराने आतून फुगवून भोकांत घट्ट बसवलेल्या असतात. हा शेवटचा मुद्दा कृपया लक्षात ठेवावा, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे.

असा बॉयलर शंभर वर्षे टिकावा अशी त्याच्या निर्मात्यांचीही अपेक्षा नव्हती. फ्रान्सिस आणि फ्रीलन स्टॅन्ली हे १८४९ साली मेन राज्यातल्या किंगफील्ड गावी जन्मलेले जुळे भाऊ. छायाचित्रणाच्या कोरड्या काचपट्ट्यांच्या धंद्यात त्यांनी पैसा मिळवला आणि तो धंदा पुढे ईस्टमन कोडॅकला विकला. वाफगाडीचे शास्त्र त्यांनी कोणत्याही महाविद्यालयात शिकलेले नव्हते. १८९७ साली पहिली गाडी केली, १८९९ साली त्या गाडीचे सारे हक्क अडीच लाख डॉलरना विकले (त्यांतूनच लोकोमोबाईल ही कंपनी उभी राहिली), आणि थोड्याच वर्षांत अधिक चांगली गाडी घेऊन ते पुन्हा बाजारात उतरले. त्यांच्या कामाची धाटणी पाहिली की एक गोष्ट स्पष्ट दिसते : जे झिजणार ते सहज काढता यावे, आणि जे टिकायला हवे ते शक्य तितके साधे असावे. बॉयलर पहिल्या वर्गातला. पाणी कमी पडून एकदा कोरडा तापला की फुगवलेले सांधे सैल होतात, नळ्या पुन्हा फुगवाव्या लागतात, आणि हे वारंवार झाले की भोकेच बिघडतात. मग नवा बॉयलर बसवायचा. कंपनी स्वतःच बदली बॉयलर विकत असे, आणि ज्यांनी ते घेतले त्यांना आपली गाडी बनावट झाली असे कधी वाटले नाही.

राहिला प्रश्न मी काढलेल्या बॉयलरचा. तो १९१० चा नव्हताच. बॉनेट उघडून वरचे धुराचे झाकण उचलले तेव्हा प्रत्येक नळीच्या तोंडाभोवती वेल्डिंगची बारीक कडी स्पष्ट दिसत होती, आणि नळ्याही तांब्याच्या नसून पोलादाच्या होत्या. आधीच्या कोणा मालकाने आपल्या सोयीने बसवलेला तो बॉयलर होता आणि आतून खड्डे पडून त्याचेही आयुष्य संपलेले होते. म्हणजे आपण ज्याबद्दल हळहळता तो मूळ बॉयलर माझ्या हाती येण्यापूर्वीच केव्हातरी भंगारात गेलेला असणार. मी बसवलेला नवा बॉयलर आज तयार झालेला असला तरी त्याची रचना १९१० च्या गाडीला शोभणारी आहे, आणि या एका बाबतीत गाडी माझ्याकडे आली त्या दिवसापेक्षा आज मुळाच्या अधिक जवळ आहे, असे माझे मत आहे. कोकणातले घर शाकारताना फुटकी कौले बदलली म्हणून ते घर नवे झाले असे कोणी म्हणत नाही. वासे आणि भिंती कोणाच्या, हे पाहतात.

या गाडीचे वासे म्हणजे तिचे इंजिन, मागचा आस आणि अ‍ॅश लाकडाची चौकट. चार इंच व्यासाचे दोन सिलिंडर, पाच इंचांचा स्ट्रोक, आगगाडीच्या इंजिनात असते तीच स्टीफन्सन लिंकची (वाफेच्या झडपा चालवणारी आणि दिशा उलटवणारी) यंत्रणा, आणि हे सगळे मागच्या आसाला थेट दात्यांनी जोडलेले. क्लच नाही, गिअरबॉक्स नाही. स्टीअरिंगखालचा छोटा दांडा सरकवला की वाफ सुटते आणि गाडी चालू लागते. हे सारे मूळचेच आहे. पिस्टन रिंगा आणि पॅकिंग मी बदलले, चौकटीचा एक कुजलेला तुकडा त्याच जातीच्या लाकडाने सांधला, आणि त्या तुकड्यावर आतल्या बाजूने दुरुस्तीचे वर्ष कोरून ठेवले, म्हणजे पुढच्या मालकाला नवे काय आणि जुने काय याचा शोध घेत बसावे लागणार नाही. रंगाला मी हात लावलेला नाही. दारांच्या कडांवरचा हिरवा रंग उडून खालचे लाकूड दिसते, ते तसेच ठेवले आहे. जुनी गाडी आरशासारखी चकचकीत करण्याच्या हौसेत जेवढे अस्सल काम नष्ट झाले आहे, तेवढे गंजानेही झाले नसेल.

आता सुरक्षिततेचा प्रश्न. आपली भीती मी हसण्यावारी नेणार नाही. मी राहतो त्या मॅसॅच्युसेट्स राज्यातच, ब्रॉकटन येथील बुटांच्या कारखान्यात २० मार्च १९०५ रोजी बॉयलर फुटून ५८ माणसे गेली. राज्याने १९०७ साली बॉयलरचे कायदेशीर नियम केले आणि पुढे अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने आपली बॉयलर संहिता तयार केली, ती याच धक्क्यामुळे. स्टॅन्ली बंधूंचा कारखाना तिथून फार लांब नव्हता, न्यूटन आणि वॉटरटाउन यांच्या हद्दीवर होता. तेव्हा त्या काळातल्या गिऱ्हाइकांनाही हीच शंका येत असणार.

पण ब्रॉकटनचा बॉयलर आणि हा बॉयलर यांत मूलभूत फरक आहे, आणि आपल्यासारख्या अनुभवी माणसाला तो माझ्यापेक्षा चांगला समजेल. तिथे मोठे पिंप होते, पत्र्यावर पत्रा चढवून रिव्हेट ठोकलेला लांब सांधा होता, आणि आत टनांनी उकळते पाणी होते. सांधा उसवताच ते सारे पाणी एका क्षणात वाफ झाले. माझ्या बॉयलरमध्ये पाणी दहा-अकरा गॅलन. पिंपाला तारेचे कवच. पाणी कमी झाले तर आधी फ्यूजिबल प्लग (ठराविक तापमानाला वितळणारे धातूचे बूच) वितळतो आणि त्याच्या आवाजाने शेजारीपाजारीही बाहेर येतात. तोही निष्प्रभ ठरला, तर तापलेले तांबे मऊ पडून फुगवलेले सांधे एकेक करून गळू लागतात आणि ते पाणी थेट बर्नरवर पडून आग मंदावते. पिंप फाटण्याच्या कितीतरी आधी नळ्या हार मानतात. वेल्ड केलेल्या पोलादी नळ्या तापमान अधिक सोसतात हे खरे, पण त्या अशी आगाऊ सूचना देत नाहीत, आणि मला ती सूचना हवी आहे. तारा आणि तांबे निवडण्यामागे जुन्याचा हट्ट होता तसा हा हिशेबही होता.

याची परीक्षा कोणी ठरवून न घेताही झाली आहे. फ्रेड मॅरिअट याने २६ जानेवारी १९०६ रोजी फ्लोरिडातल्या ऑर्मंडच्या किनाऱ्यावर स्टॅन्लीची शर्यतीची गाडी ताशी १२७.६६ मैल, म्हणजे २०५ किलोमीटरहून अधिक वेगाने पळवली. वाफेच्या गाडीचा तो अधिकृत विक्रम २००९ पर्यंत कोणालाही मोडता आला नाही. पुढच्याच वर्षी, १९०७ साली, आणखी वेग गाठण्याच्या प्रयत्नात वाळूतल्या उंचवट्यावर गाडी उडाली आणि तिचे तुकडे झाले. बॉयलर गाडीपासून सुटून वाफ सोडत वाळूवर दूर घरंगळत गेला, फुटला नाही. मॅरिअट जबर जखमी झाला, पण वाचला. फ्रान्सिस स्टॅन्ली मात्र १९१८ साली मोटार अपघातातच गेले : चढ ओलांडताच समोर रस्ता अडवलेल्या शेतकऱ्यांच्या घोडागाड्या दिसल्या, त्यांना चुकवताना गाडी रस्त्याबाहेर गेली. त्यात बॉयलरचा काही संबंध नव्हता.

दर वसंतात गाडी बाहेर काढण्यापूर्वी मी गार पाण्याने ९०० पौंडांपर्यंत हायड्रॉलिक चाचणी घेतो, म्हणजे कामाच्या दाबाच्या दीडपट. सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच सुमारास काढून तपासतो. खरे सांगायचे तर या गाडीत मला धास्ती वाटते ती बॉयलरची नव्हे, आगीची. बर्नरकडे जाणारे इंधन शंभर पौंडांहून अधिक हवेच्या दाबाखाली असते आणि समोर पायलटची, म्हणजे मुख्य बर्नर पेटवणाऱ्या छोट्या बर्नरची, ज्योत सतत जळत असते. एखादा सांधा ठिबकू लागला तर काय होईल हे सांगायला नको. आपण या बाजूने आक्षेप घेतला असता तर मला उत्तर देणे जड गेले असते; हाताशी अग्निशामक ठेवणे आणि पेटवण्यापूर्वी प्रत्येक सांध्यावर बोट फिरवून पाहणे, यापलीकडे माझ्याकडेही उपाय नाही.

संग्रहालयाबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण या बाबतीत आपले एकमत होईल असे दिसत नाही. किंगफील्डला स्टॅन्ली संग्रहालय आहे, आणि डेलावेअर राज्यात यॉर्कलिन येथे मार्शल स्टीम म्युझियम आहे. या दुसऱ्या ठिकाणी स्टॅन्ली गाड्या वाफ करून चालवतात आणि लोकांना बसवून फिरवतात. ज्यांच्याकडे सर्वाधिक माहिती आहे तेच लोक गाड्या चालत्या ठेवतात, हे पुरेसे बोलके आहे. ही गाडी पेटवणे हे शिकून घ्यावे लागते. आधी टॉर्चने पायलट लाल होईपर्यंत तापवायचा. पायलटने व्हेपरायझर (इंधनाची वाफ करणारी नळी) तापला की मुख्य बर्नरची झडप अगदी थोडी उघडायची आणि जाळाचा आवाज ऐकायचा. निळा जाळ हलक्या घुमणाऱ्या आवाजाने लागतो. खोकल्यासारखा आवाज आला की झडप ताबडतोब बंद. व्हेपरायझरच्या नळीत तारेचा एक दोर ओवलेला असतो, त्यावर इंधनातला कार्बन साठतो. तो वेळोवेळी ओढून काढायचा आणि नवा घालायचा. जुना दोर बाहेर येताना हात कोपरापर्यंत काळे होतात. निघताना सिलिंडरमध्ये साचलेले पाणी बाहेर पडेपर्यंत गाडी हातभर पुढे, हातभर मागे करत राहायचे. घाई केली तर, पाणी दबत नसल्यामुळे, सिलिंडरचे झाकण तडकते. यातले काहीही काचेआड ठेवलेल्या गाडीवरून शिकता येत नाही. माझ्यानंतर ही गाडी कोणत्या संग्रहालयात गेली तर माझी हरकत नाही, फक्त तिथे कोणीतरी ती पेटवणारा असावा.

आता आपला शेवटचा प्रश्न, आणि मला विचाराल तर तोच सर्वांत महत्त्वाचा. माझ्या गाडीला कंडेन्सर (वापरलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करणारा भाग) नाही, वापरलेली वाफ हवेत जाते, त्यामुळे गॅलनभर पाण्यात जेमतेम मैल-दीड मैल जाता येते आणि वाटेत पाणी घ्यावेच लागते. त्या काळी रस्त्यालगत घोड्यांना पाणी पाजण्याच्या डोण्या असत, तिथे रबरी नळी सोडून टाकी भरून घेत. १९१४ साली जनावरांत लाळ-खुरकुताची साथ आल्यावर न्यू इंग्लंडमधल्या या डोण्या बंद झाल्या, आणि त्यानंतरच्या स्टॅन्ली गाड्यांना पुढे कंडेन्सर आला, त्यामागे हेही एक कारण सांगितले जाते. कंडेन्सर नसण्याचा एक फायदा असा की सिलिंडरमध्ये गेलेले तेल परत फिरून बॉयलरमध्ये येत नाही. म्हणूनच या गाडीला तांब्याच्या नळ्या मानवतात. नंतरच्या गाड्यांत नळ्यांवर तेलाचा थर बसून तांबे तापत असे.

बोस्टनच्या परिसराला क्वाबिन जलाशयाचे पाणी मिळते आणि ते मुळातच मऊ आहे, त्यामुळे घराजवळ मला क्षारांचा फारसा जाच नाही. डोंगराकडच्या विहिरींचे पाणी घेतले की मात्र त्याच संध्याकाळी दाब असतानाच ब्लो-डाउन देतो, म्हणजे झडप उघडून तळाचे गाळ-क्षारांचे पाणी बाहेर सोडतो. माझी खरी अडचण हिवाळ्याची आहे. इथे नोव्हेंबरनंतर गाडी हलत नाही आणि तिथून एप्रिलपर्यंत बॉयलर रिकामा, गरम असतानाच निथळून वाळवलेला ठेवतो, तरी पोलादी पिंपाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेवर, गंजाचे ठिपके दिसू लागले आहेत. काही जण बॉयलर काठोकाठ भरून, पाण्यातला प्राणवायू खाणारे रसायन घालून ठेवतात. पण इथल्या थंडीत ते पाणी गोठू न देणे हा वेगळाच व्याप होतो. आपल्याकडे गळीत हंगाम संपल्यावर कित्येक महिने बॉयलर बंद असत. त्या काळात आपण ते ओले ठेवत होता की कोरडे, आणि कोरडे ठेवत असाल तर आत ओल शोषण्यासाठी कळीचा चुना ठेवण्याची पद्धत होती का, तो किती दिवसांनी बदलत होता, हे सवडीने कळवावे. पिंप पुढच्या हिवाळ्यासाठी बंद करण्यापूर्वी मला ते समजले तर उपयोग होईल.