बोटीला मी लागलो

काल रात्री मेव्हण्याने घरच्या ग्रुपवर १४७ फोटो टाकले. त्यातल्या ३१ फोटोंत डॉल्फिन आहे. म्हणजे डॉल्फिनची पाठ आहे, किंवा डॉल्फिन बुडी मारून गेल्यावर मागे उरलेलं पाणी आहे. १२ फोटोंत सूर्य बुडतोय. आणि जवळजवळ प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात, नारिंगी जाकिटात, सगळ्या जगाकडे पाठ करून एक जाडा माणूस बसलाय. तो मी. खाली कुणीतरी विचारलंय, 'भाऊजी रुसले का?' त्याखाली मेव्हण्याचं उत्तर, 'नाही हो, भाऊजी बॅलन्स करतायत.' त्याला आत्तापर्यंत २३ जणांनी हसरी तोंडं लावली आहेत. त्यातलं एक माझ्या स्वतःच्या मुलीचं आहे.

मी म्हापशात राहतो. गोव्यात राहणाऱ्या मराठी माणसाला नातेवाइकांची टंचाई अशी कधी नसते, पण डिसेंबरात त्यांचा पूर येतो. एरवी ज्यांना आपला फोन नंबर आठवत नाही त्यांना २० तारखेनंतर आपली पाठदुखी आठवते. मग मांडवीच्या पुलावर गाडी मुंगीच्या पावलाने सरकते, इसवणीचा भाव विचारला की कोळीण आपल्याकडे न बघता उत्तर देते, आणि घरात गाद्या कमी पडून मी स्वयंपाकघरात ओट्याखाली डोकं घालून झोपतो. ते असो. यंदा मेव्हणा ठाण्याहून सहकुटुंब आला, सोबत सासूबाई, आणि आल्या आल्या जाहीर केलं, 'भाऊजी, यंदा नो शॅक, नो किल्ला. प्रायव्हेट यॉट!'

दोन तासांचे १८ हजार. एरवी १२, पण नाताळ ते नववर्ष सहा जास्त. निम्मे मी दिले. मागितले नव्हते कुणी, पण यजमानाने तेवढं समजून घ्यायचं असतं म्हणे.

बेतीच्या बाजूच्या एका धक्क्यावर आम्ही चार वाजता पोचलो. यॉट म्हणजे वर ताडपत्रीसारखं छप्पर आणि दोन्ही बाजूंनी बाकं असलेली एक पांढरी मोटारबोट होती. सुकाणूवर काळा चष्मा लावलेला विशीतला मुलगा. तो पूर्ण दोन तास फोनवर कुणाची तरी समजूत घालत होता. बोटीचा खरा मालक कोण असेल ते असो, बोटीवरचं राज्य मात्र खलाशाचं होतं.

खलाशी पासष्टीचा. काठीसारखा. अर्धी खाकी चड्डी, अंगात धुऊन धुऊन कुठला रंग होता ते विसरलेला बनियन. तो धक्क्यावर उभा राहून एकेकाला हात देऊन आत घेत होता. सासूबाईंना घेतलं, पोरांना घेतलं, माझ्यापाशी आला आणि थांबला. हात पुढे केला नाही. मला वरून खाली आणि खालून वर बघितलं. बाजारात भोपळा घ्यायच्या आधी बघतात तसं.

'वजन कितलें?'

मला वाटलं सामानाचं विचारतोय. म्हटलं, 'दोनच पिशव्या आहेत. एकीत चिवडा आहे.'

'पिशवेचें न्हय. तुमचें.'

मागे रांगेत दुसऱ्या बोटीची दहा-बारा माणसं उभी होती. मी आवाज खाली घेऊन म्हटलं, 'शहाऐंशी.'

'चौऱ्याण्णव,' आतून बायको म्हणाली. ती चिवड्याच्या पिशवीची गाठ सोडत होती, वर बघितलंसुद्धा नाही. 'परवाच डॉक्टरांकडे काटा केलाय.'

खलाशाने मान वळवून सुकाणूवाल्या पोराला हाक दिली, पलीकडच्या पणजीतही ऐकू जावी अशी. 'दोन पोतीं, स किलो उणे!'

पन्नास किलोचं पोतं धरलं तर हिशेब चोख होता. तक्रारीला जागा नाही. पण माणसाच्या वजनातून सहा किलो वजा करूनही त्याचा अपमान करता येतो हे मला त्या दिवशी कळलं. मला डाव्या बाजूच्या बाकावर, मागच्या टोकाला बसवण्यात आलं. वर जाकीट. त्याचा पट्टा पुढे येऊन दुसऱ्या टोकाला भेटेना, तेव्हा त्याने खिशातून सुतळी काढून दोन्ही टोकं बांधली. सुतळी त्याच्या खिशात तयार होती. म्हणजे माझ्यासारखे आधीही आले असणार, एवढाच काय तो दिलासा.

'उजवेकडेन जनरेटर आसा, उदकाची टाकी आसा,' त्याने समजावलं. 'तुमी हांगा बसात. हालूं नाकात.'

'बोट एका बाजूला कलते का?'

'आतां कलची ना,' तो समाधानाने म्हणाला.

मग तो माझ्याशेजारीच पाय खाली सोडून बसला आणि बोलत राहिला. २८ वर्षं तेलाच्या मोठ्या जहाजांवर काढलेली, आखातातून कुठे कुठे. गोव्याच्या प्रत्येक गावात असा एक तरी निवृत्त तारवटी असतो, ज्याने जग बघितलेलं असतं आणि त्यातल्या प्रत्येक बंदरात काय स्वस्त मिळतं ते त्याला पाठ असतं. रिकामं जहाज पाण्यावर फार उंच तरंगतं, डुलतं, म्हणून त्याच्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरतात, माल चढला की ते सोडून देतात, हे त्याने मला नीट सांगितलं. मग माझ्या गुडघ्यावर थाप मारली. 'तें बॅलास्ट. तुमी बॅलास्ट.'

'मग रोज कोण असतं?'

'पयलीं आमी दोन पोतीं रेंव घालताले.'

'रेती. मग?'

'पोतीं फुटलीं. आतां रेंव खंयची हाडटले? रेंव काडपाक परवानगी जाय.' तो थोडा थांबला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, 'मनशाक परवानगी नाका.'

मला बोट लागत नाही. हे मी अभिमानाने सांगतो. माझे वडील मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने पणजीला येत, रात्रभर डेकवर वळकटी पसरून, आणि तेही कधी ओकले नाहीत. ते घराण्यातच आहे. पण मला बोट लागत नसली तरी बोटीला मी लागतो, रोजच्या रेतीसारखा, हे कुणी सांगितलं नव्हतं.

बोट सुटली आणि अडचण लगेच ध्यानात आली. मांडवीतून समुद्राकडे जाताना जे बघण्यासारखं आहे ते उजवीकडे आहे. उजवीकडे रेइश मागुशचा किल्ला, उजवीकडे आग्वादचा. सगळी मंडळी उजव्या बाकावर चिकटली, म्हणून माझी डावीकडे गरज वाढली. मान वळवली की सासूबाईंचं पातळ दिसे. जरा उठलो की खलाशाचा हात खांद्यावर. 'उठूं नाकात.' डावीकडे काय? आधी तरंगते कॅसिनो, एकाला एक लागून, दिवसाढवळ्याही दिवे लावलेले. मग मिरामारचा किनारा.

तिकडे मेव्हण्याचं आरमार सुरू झालं होतं. त्याचं आजोळ अलिबागकडचं, त्यामुळे समुद्र दिसला की त्याच्या अंगात कान्होजी आंग्रे येतात. 'पोरांनो, याच किनाऱ्यावर आपण पोर्तुगीजांना पाणी पाजलं!' १६६४ साली मालवणला सिंधुदुर्गाचा पाया घातला तिथून तो सुरू झाला, पण नदीचं मुख ओलांडून खऱ्या लाटा लागल्या आणि आंग्र्यांचा वारसा आवळासुपारी मागू लागला. मग सुपारीनेही भागेना. तो कठड्यावरून बाहेर वाकला आणि दहा मिनिटं इतिहास बंद होता. हे १४७ फोटोंत कुठेही नाही, हे मी नमूद करून ठेवतो.

आग्वादच्या पायथ्याशी पाण्याची बाटली २० ऐवजी ८० रुपयांना मिळाली. आग्वाद हे नावच मुळात पाण्यावरून पडलेलं. १६१२ साली पूर्ण झालेला हा किल्ला, आणि लांबच्या सफरीवरची पोर्तुगीज जहाजं तिथल्या झऱ्याचं गोडं पाणी भरून पुढे जात. त्यांना फुकट मिळत असावं. आम्ही मात्र 'प्रायव्हेट'.

आग्वादला वळसा घातला आणि शिकेरीच्या समोर डॉल्फिन.

'तो बघा! तो बघा!' सगळे पुन्हा उजवीकडे. बोट हलली, आणि माझ्या मागून आवाज आला, 'बॅलास्ट! दावेकडेन!' खलाशी माझं नावही विसरला होता. मुळात विचारलं नव्हतं म्हणा. मी डावीकडे आणखी सरकलो, इतका की कठडा पोटात रुतला. २००० साली शेजारच्याच कांदोळीच्या किनाऱ्याला रिव्हर प्रिन्सेस नावाचं एक खनिजवाहू जहाज रुतलं होतं आणि १२ वर्षं तिथून हललं नव्हतं. त्याची मला आठवण यायला नको होती, पण आली.

मागे वळता येत नव्हतं म्हणून मी बाहेर बघत होतो, आणि बाहेर दुसऱ्या बोटी होत्या. मोजल्या, १४. सगळ्यांची तोंडं आमच्याकडे, म्हणजे आमच्या पलीकडच्या डॉल्फिनकडे. कुणी शिट्ट्या मारतंय, कुणी बोटीचं लाकूड बडवतंय, एका बोटीवर स्पीकर. हे गोव्याच्या किनाऱ्यालगतचे डॉल्फिन पाठीवर कुबड असलेले आहेत, सर्कशीसारखे उड्या मारणारे नव्हेत. मासेही नव्हेत. ते वर येतात ते श्वास घ्यायला. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्यांना वाघाच्या पंगतीला बसवलंय. वाघाभोवती कुणी १४ जीप लावून भोंगे वाजवले तर... हां, तेही होत असेलच कुठेतरी. यॉट हा शब्द डच भाषेतून आला, मूळ अर्थ शिकारीचा, चाच्यांच्या मागे लागणाऱ्या चपळ जहाजांचा. आमच्या बोटीत नावाला शोभेल असं काहीच नव्हतं, पण तेवढा पाठलाग मात्र तिने मन लावून केला. एक श्वास घ्यायचा तर १४ इंजिनं चुकवायची. आणि मीही त्यातल्या एका इंजिनाचे निम्मे पैसे भरलेला माणूस, त्यामुळे हे मोठ्याने बोलायची सोय नव्हती.

तेवढ्यात समोरच्या बोटीवरून एक बाई ओरडल्या, 'अंकल! थोडा झुकिए ना! आप की वजह से कुछ दिख नहीं रहा!'

मागे खलाशी म्हणत होता हलू नका. पुढे बाई म्हणत होत्या वाका. मी दोघांचंही ऐकलं. कमरेतून न हलता मान तेवढी खाली घातली. त्या ३१ फोटोंत मी रुसल्यासारखा दिसतो तो यामुळे.

परतीला मी मनातल्या मनात खूश होतो. आता बोट उलटी फिरणार, आग्वाद डावीकडे येणार, मी डावीकडे आहेच. पण शिकेरीला पोरं समुद्रात डुंबून आली होती आणि अंगावरचं खारं पाणी धुवायला त्यांनी टाकी संपवली होती. खलाशाने टाकी वाजवून बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

'आतां उजवेकडेन यात.'

'का? जनरेटर आहे ना उजवीकडे?'

'जनरेटर एकटोच. लोक सगळे दावेकडेन सूर्य पळयतले.'

आणि तसंच झालं. सव्वासहाच्या सुमाराला सूर्य बुडाला, सगळे हात जोडून, फोन वर करून डावीकडे, पाठीमागे. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. मी उजवीकडे. माझ्यासमोर मिरामार. म्हणजे १८ हजारांच्या सफरीत जाताना मिरामार आणि येताना मिरामार. मिरामारला मी महिन्यातून दोनदा स्कूटरवरून जातो. शेंगदाणे खाऊन परत येतो. समुद्र बघायचा नसतोच, बाकावर बसायचं असतं. पण ते बाक कलत नाही आणि तिथे कुणी वजन विचारत नाही.

फेरीबोटीवरही विचारत नाहीत. चोडणला जाताना मी पायी चढतो, फुकट, माझ्या शेजारी अख्खी मोटार चढते, म्हैस चढलेलीही मी बघितली आहे. फेरीबोट कुणाकडेही वाकड्या नजरेने बघत नाही. पण पाहुण्यांना फेरीबोट दाखवून चालत नाही, त्यांना ती 'लोकल' वाटते.

धक्क्यावर उतरताना खलाशाने या वेळी दोन्ही हात दिले, आणि सुतळी सोडून, गुंडाळून परत खिशात घातली. मेव्हण्याने दोनशेची नोट काढली. खलाशाने ती घेतली, पण लक्ष माझ्याकडे होतं.

'फाल्यां कितें करतात?'

'उद्या? काही नाही. का?'

'फाल्यां सांजेर एक पार्टी आसा. नवीं लग्न जाल्लीं, चार जोडपीं. सगळीं बारीक.' त्याने करंगळी दाखवली. 'तुमी येतात? पैशे नाकात.'

बायको लांबून बघत होती. मेव्हणा फोन काढत होता. मी स्वतःला बजावलं की काही एक बोलायचं नाही, मान ताठ ठेवून गाडीकडे चालू लागायचं.

'कुठल्या बाजूला बसायचं?' मी विचारलं.

त्याने जरा विचार केला. नदीकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं.

'पयलीं दावेकडेन.'

म्हणजे परत मिरामार.