मी 'हलकंफुलकं' म्हणाले, त्याबद्दल

वाचनगटाची भेट संपून अर्धा तास झाला आणि मी अजून खुर्चीतून उठलेले नाही. राग आलाय. सगळ्यात आधी माझाच आलाय, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आम्ही महिन्यातून एकदा ऑनलाइन भेटतो. सध्या काय वाचतोय ते प्रत्येकाने दोन-चार मिनिटांत सांगायचं, एवढंच. आज माझ्याआधी तिघं बोलले. युद्धावरची कादंबरी, एक आत्मचरित्र, एका कवीची पत्रं. सगळे मन लावून ऐकत होते. मग माझी पाळी आली. मी गेले पाच आठवडे एका फँटसी मालिकेचा चौथा खंड वाचतेय, तोही दुसऱ्यांदा. त्याच्यासाठी पहाटे अलार्म लावून उठतेय. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "काही विशेष नाही, जरा हलकंफुलकं चाललंय."

कोणी हसलं नव्हतं. कोणी काही विचारलंही नव्हतं. मीच आपणहून मान खाली घातली.

त्यावर गटातले एक ज्येष्ठ म्हणाले, "असू दे हो ताई, मेंदूला विश्रांतीही लागतेच की." चांगल्या मनाने म्हणाले, मला माहीत आहे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे आणि तो उद्याही राहील. पण माझ्यानंतर पाळी होती एका नव्या मुलीची. तिची ही पहिलीच भेट. एकोणीस-वीस वर्षांची असेल. मी बोलत होते तेव्हा तिने दाखवायला म्हणून एक जाडजूड पुस्तक हातात घेऊन ठेवलं होतं, निळ्या पाठीचं, पानापानांतून रंगीत चिकटपट्ट्या बाहेर आलेल्या. असं पुस्तक काय असतं ते माझ्यासारखीला लांबूनही ओळखू येतं. 'मेंदूला विश्रांती' ऐकलं आणि ते पुस्तक हळूच स्क्रीनच्या खाली गेलं. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "सध्या परीक्षा आहेत, त्यामुळे काही वाचत नाहीये."

एवढ्या खुणा करत वाचणारी मुलगी म्हणाली की मी काही वाचत नाहीये. हे तिला त्या ज्येष्ठांनी शिकवलं नाही, मी शिकवलं.

आता ज्याला मी हलकंफुलकं म्हणाले त्या पुस्तकाबद्दल. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की गाडी त्या पुस्तकाच्या चांगल्या-वाईटावर जाते, आणि मला आज ते बोलायचं नाही. दोन वर्षांपूर्वी आईच्या डोळ्याच्या पडद्याला छिद्र पडलं. शस्त्रक्रिया झाली, डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आणि डॉक्टरांनी सांगितलं की तो पडद्याला टेकून राहायला हवा, त्यामुळे आठवडाभर पालथं झोपायचं. जेवढा वेळ जमेल तेवढा, दिवसा आणि रात्रीही. वाचायचं नाही, टीव्ही नाही, समोर फक्त उशी. माझी आई आयुष्यभर वाचत आलेली बाई आहे, पण फँटसीच्या वाटेला ती कधी गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिचा आवाज उशीतून आला, "तू जे वाचतेयस तेच मोठ्याने वाच. मला काहीही चालेल."

मी तेव्हा पुन्हा वाचताना दुसऱ्या खंडाच्या मध्यावर होते. म्हटलं, आई, तुला काही कळणार नाही, पहिल्यापासून वाचते. ती म्हणाली, "वाच गं, लागेल हळूहळू."

लागलं तिला. त्या गोष्टीतल्या जगात जादूला किंमत आहे. जादू करणाऱ्याची एक आठवण कायमची जाते, आणि जेवढी जादू मोठी तेवढी आठवण मोठी. कोणती आठवण जाईल ते आपल्या हातात नसतं. हा नियम आईने एकदाच ऐकला आणि धरून ठेवला. तिसऱ्या दिवशी नायिकेने पुरात नदी थोपवली, गाव वाचवलं, मी धापा टाकत तो प्रसंग वाचला, आणि उशीतून प्रश्न आला, "मग तिचं काय गेलं?" मी म्हटलं, तसं काही लिहिलेलं नाही. "लिहिलेलं नसेल. पण नदी थांबवली म्हणजे मोठंच काहीतरी गेलंय. ती घरी गेली की बघ तू."

मी ते पुस्तक आधी एकदा वाचून काढलेलं होतं आणि माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. हे पुढे सांगते.

कारण आधी मला 'पळवाट' या शब्दाचा समाचार घ्यायचाय. पंचवीस वर्षं ऐकतेय. वास्तवाला सामोरं जायची ताकद नाही म्हणून तुम्ही ड्रॅगनच्या मागे लपता. कोण लपतं? ज्यांना कादंबरीतलं सगळं जग आयतं मिळतं त्यांनी मला कष्टाच्या गोष्टी सांगू नयेत. शहर म्हटलं की शहर तुमच्या डोळ्यासमोर असतं. आम्हाला पहिली शंभर पानं पायाखाली जमीन नसते. इथे चंद्र किती, राजा कोणाला भितो, हा शब्द शिवी आहे की पदवी, माणूस मेला की त्याच्या नावाचं काय करतात, हे सगळं वाचकाने तुकड्यातुकड्यांतून जमवायचं. एक बोट नकाशावर, एक परिशिष्टात. लेखकाने दोन खंडांपूर्वी सहज टाकलेलं वाक्य आठवणीत जपून ठेवायचं, कारण ते नऊशेव्या पानावर परत येणार असतं. ही विश्रांती आहे? मग तुम्ही कष्ट कशाला म्हणता?

भरताने नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यात अद्भुत आहे, शृंगार आणि करुणाच्या रांगेत बसलेला, आणि त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळातली भावना, विस्मय. त्याला कोणी पोरांसाठी वेगळा बसवलेला नाही. शांत रससुद्धा पुढच्या लोकांनी जोडला, अद्भुत पहिल्यापासून आहे. विस्मयाची लाज वाटायला आपण नंतर शिकलो.

आणि शिकलेल्या लोकांनाच ती जास्त वाटते. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारे टॉल्किन ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते. 1936 साली त्यांनी 'बेओवुल्फ' या प्राचीन काव्यावर एक व्याख्यान दिलं. विद्वान मंडळी त्या काव्यातून इतिहास वेचत होती, आणि काव्याच्या ऐन मध्यावर असलेले राक्षस आणि ड्रॅगन म्हणजे कवीची चूक मानत होती. टॉल्किननी सांगितलं की राक्षस हाच त्या काव्याचा गाभा आहे, ते काढलेत तर उरेल काय? हा माणूस पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत होता. वास्तव कशाला म्हणतात हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. फँटसी लेखिका उर्सुला ले ग्विन 2014 साली अमेरिकेतला मोठा साहित्य सन्मान घ्यायला उभ्या राहिल्या, वय पंच्याऐंशी, आणि त्यांनी तो सन्मान इतकी वर्षं साहित्याच्या बाहेर ठेवलेल्या फँटसी आणि विज्ञानकथा लिहिणाऱ्या आपल्या सोबत्यांबरोबर वाटून घेतला. पंच्याऐंशीव्या वर्षीही त्या हे बोलल्या. मी आज दोन मिनिटं बोलू शकले नाही.

हो, फँटसीत कचरा पुष्कळ आहे. तीन खंडांत मावेल ती गोष्ट दहा खंडांत ताणणारे आहेत, अनाथ पोराच्या अंगावर जन्मखूण काढली की काम झालं असं समजणारे आहेत. मान्य. वास्तववादी कचराही मी ढिगाने वाचलाय, त्याला फक्त कोणी विश्रांती म्हणत नाही.

नदीचं सांगत होते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी नायिका घरी पोहोचली. दारात एक बाई उभी होती. नायिकेने तिला नमस्कार केला आणि विचारलं, या घरातली माणसं कुठे आहेत? ती बाई तिची आई होती. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा इथे मला धक्का बसला होता, मी पुस्तक मिटून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. आईला धक्का बसला नाही. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मला वाटलं झोप लागली. मग उशीतूनच म्हणाली, "शेवटचे आठ महिने आईने मला ओळखलं नाही. 'अहो बाई' म्हणायची. 'अहो बाई, माझी मुलगी येणारे, जरा दार उघडं ठेवा.'"

आजी गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. तिला विस्मरण झालं होतं हे मला माहीत होतं. हे वाक्य माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत आईने ते बाबांना सांगितलं नव्हतं, मावशीला सांगितलं नव्हतं. आईने विस्मरणावरचे लेख वाचलेत, त्या विषयावरच्या दोन गंभीर, वास्तववादी, पुरस्कार मिळालेल्या कादंबऱ्या वाचल्यात, माझ्याशी त्यांच्यावर चर्चा केलीय, डोळे कोरडे ठेवून. आणि नदी थांबवणाऱ्या एका मुलीने तिच्याकडून ते बोलून घेतलं. आम्ही दोघी रडलो. तिला रडताना तोंडसुद्धा वर करायची परवानगी नव्हती.

मग म्हणाली, "पुढे वाच."

मला या पुस्तकाला हलकंफुलकं म्हणायचा काय अधिकार होता?

हे लिहिताना थोडी शांत झालेय. गटाबद्दलही रास्त बोलायला हवं. फँटसी वाचू नका असं मला तिथे कधीच कोणी म्हटलेलं नाही. मी नाव सुचवलं असतं तर कदाचित हो म्हणाले असते. पण मी पाच वर्षांत एकदाही सुचवलं नाही. मी गटात एक बाई असते आणि फँटसीवाल्यांमध्ये दुसरी. तिथे मी रात्री दोन वाजता कोणाशी तरी भांडत असते की नकाशावर एवढं अंतर असताना घोडा तीन दिवसांत पोहोचेलच कसा. तिथे आम्ही मालिका पुन्हा पहिल्यापासून एकत्र वाचतो, प्रकरणाप्रकरणाने, आणि दहा वर्षं जपलेली थिअरी, म्हणजे गोष्टीत पुढे काय होणार याचा अंदाज, खरी ठरली की अनोळखी माणसं एकमेकांचं अभिनंदन करतात. आणि कोणी नवीन आलं, म्हणालं की आज पहिला खंड हातात घेतलाय, तर आम्ही सगळे एकच वाक्य म्हणतो: "तुझा हेवा वाटतो." मग कोणीही पुढचं काही फोडत नाही. शेकडो माणसं एका नवख्यासाठी तोंड घट्ट मिटून बसतात. वाचनाबद्दल इतका जिव्हाळा मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही, आणि तो मी लपवत आले.

मला आज सारखा गुणाढ्य आठवतोय. कथासरित्सागर या जुन्या संस्कृत कथासंग्रहाच्या सुरुवातीलाच त्याची गोष्ट आहे. त्याने विद्याधरांच्या, म्हणजे आकाशात उडणाऱ्यांच्या, अद्भुत कथा 'पैशाची' नावाच्या प्राकृत भाषेत लिहिल्या, सात लाख श्लोक, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. सातवाहन राजाने त्या परत पाठवल्या. भाषा पिशाचांची, अक्षरं रक्ताची, आमच्या दरबारात नको. गुणाढ्य डोंगरावर गेला, अग्नी पेटवला आणि एकेक पान पशुपक्ष्यांना मोठ्याने वाचून दाखवून आगीत टाकू लागला. हरणं, डुकरं, रेडे गवताला तोंड न लावता भोवती उभे राहून ऐकत होते, डोळ्यांत पाणी आणून. राजाला कळेपर्यंत सहा लाख श्लोक जळाले होते. राहिला एक लाख, तोही शिष्यांना आवडता म्हणून बाजूला ठेवलेला भाग.

मी लहानपणी ही गोष्ट वाचली तेव्हा राजावर चिडले होते. आज मी त्या शिष्यांचा विचार करतेय. आपल्याला आवडणारा भाग त्यांनी गुरूला बोलून दाखवला म्हणून तो वाचला.

आईला मघाशी फोन केला. सगळं सांगितलं, हलकंफुलकं म्हणाले तेही. ती चिडली. "मी आठवडाभर पालथी पडून ऐकलंय ते. हलकं कसलं?" मग विचारलं, पाचवा खंड आला का? नाही आला. लेखिका लिहितेय म्हणतात. आईचं म्हणणं आहे की नायिकेला आईची आठवण परत मिळणार नाही, पण ती त्या बाईशी नव्याने ओळख करून घेईल, आणि मिळाली तर लेखिकेने नियम मोडला असं समजायचं. मी तिच्याशी सहमत नाही. आम्ही पाऊण तास भांडलो.

पुढच्या महिन्याच्या भेटीसाठी मी पहिल्या खंडाचं नाव आत्ताच सुचवून टाकलंय. आई पण येणार आहे, बोलायला.

आणि निळ्या पाठीच्या पुस्तकवाली, तू हे वाचत असशील तर. तुझं पुस्तक खाली गेलं ते मी पाहिलं आणि गप्प बसले, माफ कर. मला त्याचं नाव दिसलं नाही. कोणतं होतं? कितव्या पानावर आहेस? मी वाचलेलं असलं तरी एक अक्षर फोडणार नाही. पहिल्यांदा वाचत असशील तर तुझा हेवा वाटतो.