चौघंही चौकटीत

दूरदर्शनच्या जुन्या मैफिलींच्या टेप पुसून त्यांवर दुसरंच काहीतरी चित्रित झालं, यावरून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात अधूनमधून पेटतं. मग पुण्याहून कुणीतरी मला टोचतंच : "तुमच्या लंडनला बघा कसं जपतात!"

कसलं जपतात! बीबीसीनेही साठ-सत्तरच्या दशकांत ढीगभर कार्यक्रम पुसले. टेप महाग, त्यात कलाकारांच्या संघटनांशी केलेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा. ठेवून करायचं काय? त्यातून 'जॅझ ६२५' या जॅझ मैफिलींच्या कार्यक्रमाचे बरेच भाग वाचले हे आपलं नशीब. १९६४मध्ये सुरू झालेल्या बीबीसी टू वाहिनीच्या, ६२५ आडव्या रेषांनी बनणाऱ्या चित्रावरून हे नाव पडलं.

त्यातलं त्याच वर्षीचं अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रूबेकचं क्वार्टेट, म्हणजे चौघांचा चमू, मी कितीदा तरी पाहिलंय. त्यांची गाजलेली रचना 'टेक फाइव्ह' पाच मात्रांची, तीन-दोन अशी. दोन-तीन, दोन-तीन अशा झपतालावर वाढलेल्या माणसाचा हात आपोआप मांडीवर जातो. पॉल डेसमंड सॅक्सोफोनवर एकही सूर वाया घालवत नाही. मग जो मोरेलोचा ड्रम सुरू होतो, तेव्हा ब्रूबेक पियानोवर तेच ते आवर्तन धरून बसतो. म्हणजे ज्याच्या नावाचा चमू, तोच तबलजीमागे धरतात तसा लेहरा देतोय! (१९५८च्या दौऱ्यात ब्रूबेक मुंबईत सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर वाजवून गेला होता.)

डबल बास या तंतुवाद्यावर यूजीन राइट. तो कृष्णवर्णीय. अमेरिकेत 'बेल टेलिफोन अवर' या टीव्ही कार्यक्रमासाठी तो कॅमेऱ्यात दिसू नये अशी अट पुढे आली, तेव्हा ब्रूबेकने कार्यक्रमच सोडला. पैसा आणि प्रसिद्धी दोन्हींवर पाणी. दक्षिणेतल्या कॉलेजांमधल्या मैफिलीही राइटवरूनच रद्द झाल्या होत्या.

म्हणून मला टेपपेक्षा दुसरंच खुपतं. आपल्या ज्या मैफिली वाचल्या, त्या यूट्यूबवर टाकताना आपण गायकाचं नाव ठळक लिहितो. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मागे तानपुऱ्याला कोण, याचा पत्ता नसतो. बुवांचा चेहरा मात्र मिनिटभर हलत नाही. इथे अट घालायला कुणी प्रायोजकही नव्हता, आपणच आपल्या हाताने माणसं चौकटीबाहेर काढली. गटातल्या जाणत्यांनी 'परदेश, परदेश' करण्याऐवजी एकेक क्लिप उघडून खाली साथीदारांची नावं लिहायला घ्यावीत. पेटीवाल्याला नुसत्या बोटांवरून ओळखणारे काहीजण अजून आहेत.