गटारीला उठवलेलं रान

आमचा ओव्हन आठ वर्षं कपाट म्हणून सुखात होता. लग्नात आलेला, 28 लिटरचा, काचेच्या दाराचा. आई त्यात उपवासाचे बटाट्याचे पापड ठेवायची. काढले, की मग भाजायचं काहीतरी, अशी माझी महत्त्वाकांक्षा.

"आई, गटारीच्या रविवारी रान करणार."

"रान? येऊरच्या जंगलात जाताय?"

बोकडाची अख्खी मांडी, मसाला लावून भाजायची, असं सांगितलं. तिने विचारलं, "मग रस्सा कशाचा?" रस्सा नसतो म्हटल्यावर कपाळावर हात मारला.

पाककृती परदेशी, त्यात कोकरू. नौपाड्यातल्या खाटकाने कोकराचा विषयच काढू दिला नाही. "बोकडच मिळेल. तुकडे करू?" "नको, अख्खी." रांगेतली पंधरा माणसं वळून बघायला लागली. "नळी तरी तोडू?" "नको!" हाच माज नडला.

शनिवारी रात्री चिरा पाडल्या. दही, आलं-लसूण, काश्मिरी मिरची, गरम मसाला आणि दोन चमचे वाटलेली कच्ची पपई. पपईतलं पपेन मांसातली प्रथिनं तोडतं, म्हणून ती बेतानंच घालायची. हे मी मोठ्याने वाचून दाखवलं. बाबांनी त्यातलं 'मऊ होतं' एवढंच ऐकलं आणि कवळीच्या काळजीने रात्री गुपचूप आणखी चार चमचे चोपडले.

रविवारी रान ओव्हनमध्ये जाईना. सरळ नाही, तिरकी नाही, उलटी नाही. चार बोटं नळी दाराबाहेर. इ. स. पू. 326 मध्ये सिकंदर झेलमपर्यंत आला, त्याच्या पंगतीला म्हणे हीच रान होती, म्हणून ती सिकंदरी. त्याच्याकडे 28 लिटरचा ओव्हन नव्हता, हे त्याचं नशीब.

मग मसाला लावलेली रान पातेल्यात घालून, वर ताटली ठेवून, रिक्षाने पुन्हा नौपाडा. रांग कालच्या दुप्पट. खाटकाने पातेल्यात डोकावून पाहिलं, "बोललो होतो," म्हणाला आणि एका घावात नळी उडवली. पैसे घेतले नाहीत. ते जास्त लागलं.

आता वीज. ओव्हन 1500 वॉटचा, पिन जाड, आणि 16 अँपिअरचा रिकामा होण्यासारखा सॉकेट एकच, वॉशिंग मशीनचा. तेव्हा सिकंदरी रान ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या डोक्यावर भाजली गेली. फॉइलमध्ये गुंडाळून 160 अंशांवर तीन तास, मग फॉइल काढून 220 वर वीस मिनिटं. बोकडाला चरबी कमी, म्हणून ट्रेमध्ये पाणी. मी स्टुलावर, पंचा खांद्यावर. वास डक्टमधून वर चढला. वरच्या काकू साखर मागायला आल्या. वाटी मात्र चांगली खोलगट होती.

रान आतून झकास झाली. वरचा थर बाबांच्या कृपेने पिठल्यासारखा. ताटं मांडली आणि आईने कुकर उघडला. शनिवारीच तिने पाऊण किलो वेगळं आणून ठेवलं होतं. सगळे रस्सा-वड्यांवर तुटून पडले. रान लोणच्यासारखी तोंडी लावली गेली.

सोमवारी पापड ओव्हनमध्ये परतले. पहिल्या श्रावणी सोमवारी आईने त्यातले चार तळले. एक नाकाशी नेला, माझ्याकडे बघितलं आणि ताटली बाजूला सारली. बाबांनी ती जवळ ओढली. "उपवासाचेच आहेत ना?" म्हणाले आणि चारही संपवले.