तुम्ही कोणत्या चर्चचे?

नाशकात दोन ख्रिश्चन माणसं पहिल्यांदा भेटली की दुसरा-तिसरा प्रश्न ठरलेलाच, तुम्ही कोणत्या चर्चचे? मी शरणपूरकडचा, सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट. बायको कॅथलिक, नाशिकरोडची. मावसभाऊ पेंटेकॉस्टल, भेटला की हमखास विचारणार, दादा, तुझं तारण झालंय का? माझा लहानपणीचा बाप्तिस्मा तो धरतच नाही, नुसतं पाणी शिंपडलं होतं ना, बुडवलं कुठे होतं!

खरं तर आमचं सीएनआयच १९७० मध्ये नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन झालं. मार्टिन ल्यूथरच्या वेळी ज्यावरून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वेगळे झाले ते मूळ भांडण, माणूस कृपेने तरतो की कर्माने, त्यावरसुद्धा १९९९ मध्ये जर्मनीत ऑग्सबर्गला कॅथलिक आणि लुथरन मंडळींनी एकत्र सह्या केल्या. पण आमच्याकडे फेब्रुवारीत नाशिकरोडला कॅथलिकांच्या बाळ येशूच्या यात्रेला जातो म्हटलं की कुणीतरी नाक मुरडतंच, मूर्तिपूजा आहे ती. अरे बाबा, तिथे नवसाच्या रांगेत हिंदू बायकासुद्धा मेणबत्त्या घेऊन उभ्या असतात, चर्च कोणतं म्हणून कुणी कुणाला विचारत नाही.

हे सगळं एकवेळ चालेल. मला खटकतं ते पापाचं. प्रार्थनासभेत साक्ष द्यायला माणूस उभा राहिला की दारू, सिगारेट, सिनेमा, मग प्रार्थना, मग सुटका, मग हालेलुया. चेष्टा करत नाहीये, दारूपायी उठलेली घरं मी बघितलीयेत आणि चर्चमुळे सावरलेलीही बघितलीयेत. पण लग्नात हुंडा घेतला अशी साक्ष कुणी दिलेली ऐकलीय का तुम्ही? कामवाल्या बाईचे खाड्याचे पैसे कापले अशी? कॅथलिक फादरच्या कानात काय सांगतात ते फादर जाणे. आम्ही रविवारी सगळे एका सुरात कबुली म्हणतो, जे करायला हवं होतं ते केलं नाही, आणि म्हणता म्हणता घड्याळ बघतो, कारण घरी मटण शिजायला लावलेलं असतं.

सध्या भाचीसाठी स्थळं बघतोय. बायोडाटात डिनॉमिनेशनचा, म्हणजे पंथाचा रकाना असतो, असू दे. पण फोनवर पगार, फ्लॅट, सगळं बोलून झालं की समोरचा आवाज खाली करून विचारतो, "तसे मूळचे कोण तुम्ही?" पणजोबांच्या वेळी बाप्तिस्मा झालेलं घर आमचं, आणि यांना त्याच्या आधीची जात हवीय! ज्या शरणपूरमध्ये मिशनने एकोणिसाव्या शतकात गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकन पोरांना ठेवून घेतलं, शिकवलं, त्याच शरणपूरच्या माणसाला हा प्रश्न. सीएनआयवाल्यांनी विचारला, कॅथलिकांनी विचारला आणि घरात टीव्हीसुद्धा न ठेवणाऱ्या एका पेंटेकॉस्टल घरानेही विचारला. पोप, मूर्ती, बाप्तिस्मा, कशावर म्हणून जमत नाही यांचं, पण इथे सगळे एक! आणि हे पाप आहे असं एकाही पुलपिटवरून मी तरी ऐकलेलं नाही. सिगारेटवर मात्र अख्खी प्रवचनं.

परवा असाच एक फोन आला. ताई चाचरायला लागली तसा भाचीनेच फोन घेतला आणि म्हणाली, "काका, आम्ही मूळचे आदाम-हव्वेच्या एदेन बागेतले. तुम्ही?"

ते स्थळ अर्थातच गेलं. ताई दोन दिवस तिच्याशी बोलत नव्हती. मी मात्र तिला कोंडाजीचा चिवडा आणून दिला.